कामरेडकी

झिंगाजी न्हाव्याचा वस्तरा रंगरावांच्या गळ्याच्या घाटीवर आला होता, नेमकी तेव्हाच रस्त्यावरून हाक आली, “राम राम, कामरेड.” हाक नेहमीचीच होती. कापसाची गाडी सरकी काढायच्या जिनाकडं हाकत निघालेला कुणी गाडीवान असेल. धानोरा पेठेत निम्मं गाव म्युनिसिपालिटीच्या अध्यक्षांना ह्याच नावानं ओळखायचं आणि रंगराव रोज हात वर करून त्या हाकेला ओ द्यायचे. पण आज ओसरीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीशी बाक ओढून नवा सर्कल इन्स्पेक्टर बसला होता. माणूस जबलपूरकडचा, बदलून आलेला, बंगल्यात अजून बिऱ्हाड लागलं नव्हतं म्हणून दाढीला इथं आलेला. रंगरावांची मान हलली. वस्तऱ्याचं पातं किंचित रुतलं आणि झिंगाजी पुटपुटला, मालक, मान धरून ठेवा, नाहीतर बोल मला लागेल. त्यानं तुरटी चोळली. तुरटी झोंबत होती आणि इन्स्पेक्टर वर्तमानपत्राची घडी करत होता, सावकाश, कडा जुळवून. मग अगदी सहज, हवापाण्याचं विचारावं तसं त्यानं विचारलं की हा कामरेड म्हणून कुणाला म्हणाला. गावातलं बोलणं आहे साहेब, ते हिंदीत म्हणाले, जसं पटेलला पटेल म्हणतात तसं. इन्स्पेक्टर मोठ्यानं हसला. “अच्छा. तो यहाँ कामरेड का भी वतन होता है?” रंगरावही हसले. हसताना गळ्यावरची चीर ताणली जाऊन पुन्हा दोन थेंब आले, आणि ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसले.

घरी येईपर्यंत त्यांनी आपलं ते पटेलचं वाक्य मनात कितीदा तरी घोळवलं. काय वाईट उत्तर दिलं आपण? खरं तर तेच खरं होतं. युद्धाच्या दिवसांत नागपूरहून वकिलीचा अभ्यास अर्धा टाकून ते परत आले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपडे कमी आणि पुस्तकं जास्त होती. जिनाच्या आवारात, निंबाखाली त्यांनी पहिली सभा घेतली. नागपूरचा एक चष्मेवाला पाहुणा आला होता, त्यानं भाषणात तीनतीनदा ‘कॉम्रेड रंगराव’ म्हटलं. समोर जिनातल्या बाया बसल्या होत्या, केसांत, भुवयांवर रुईचे पुंजके घेऊन. त्यांना तो शब्द एखाद्या हुद्द्यासारखा वाटला. गोजरबाई म्हणून त्यांच्यातली एक थोराड बाई होती, जिनातल्या रेच्याच्या यंत्रावर कापूस टाकण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं बाकीच्यांना अर्थ फोड करून सांगितला, काम रेटून नेते थो कामरेड. झालं. पाटील, देशमुख, कोतवाल, तसा हा कामरेड. रंगरावांची बायको सत्यभामाबाई हळदीकुंकवाला गेली की बाया तिला ‘या कामरेडीनबाई’ म्हणत. आधी ती चिडायची, मग तिला ते आवडायला लागलं. रंगरावांनी धान्याच्या रांगा लावून दिल्या, जिनातला संप निभावला, बायांना बाळ निजवायला सावलीची जागा मिळवून दिली, आणि युद्ध संपून निवडणूक आली तेव्हा ह्याच लोकांनी त्यांना उचलून अध्यक्षाच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी मजूर वस्तीत नळ आणला, तो कामरेडचा नळ. त्या नळाला उन्हाळ्यात पाणी नसलं की लोक हसून म्हणत, कामरेड सुकला. ह्या चुकीची त्यांना मोठी गंमत वाटायची. नागपूरच्या पाहुण्यांना ते मोठ्या चवीनं सांगत. एकाही बाईला त्यांनी कधी बसवून सांगितलं नाही की बाई गं, हा हुद्दा नाही, सोबती म्हणजे कॉम्रेड, तूही कॉम्रेडच आहेस. सांगायचं राहून गेलं. खरं म्हणजे एकट्याचंच असलेलं ते नाव त्यांना गोड लागत होतं.

आता तेच नाव गळ्याशी आलं होतं. नागपुरात कम्युनिस्टांची पकडापकड चालू होती. रेल्वेचा संप होणार अशी आवई होती आणि सरकारनं त्याआधीच माणसं पाखडायला घेतली होती. सुरक्षेचा कायदा म्हणजे खटला नाही, वकील नाही, सुटायची तारीख नाही. अकोल्याच्या त्यांच्या एका जुन्या मित्राला जेवत्या ताटावरून उठवून नेलं, हात धुऊ दिला नाही म्हणे. हे ऐकल्यापासून रंगराव जेवताना दाराकडं तोंड करून बसायला लागले. सायकल भिंतीला टेकवल्याचा आवाज आला की घास हातातच थांबायचा. बुटांची करकर त्यांना ओळखू यायला लागली होती. पोस्टमनची वेगळी, शाळामास्तरांची वेगळी. आणि गंमत अशी की आपण कॉम्रेड आहोत की नाही हे त्यांचं त्यांनाच धड सांगता आलं नसतं. वर्ष-दीड वर्षात ते पार्टीच्या बैठकीला गेले नव्हते. वर्गणी थांबली होती. पार्टी सोडली असंही कधी म्हटलं नव्हतं. अध्यक्ष झाल्यावर जिनाचे मालक रामराव त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर उपाध्यक्ष म्हणून बसत, आणि गटारांचा ठराव रामरावांच्या मताशिवाय पास होत नसे, तेव्हा थोडं गोडीगुलाबीनं घ्यावं लागत होतं. एक पाय इकडं, एक पाय तिकडं. पोलीस एवढा कशाला विचार करतील, ते दोन्ही पाय धरून नेतील. मागच्याच आठवड्यात त्यांनी ट्रंकेतली पुस्तकं काढून न्हाणीतल्या बंबात घातली. जाड पुठ्ठे होते, लवकर पेटेनात. त्या दिवशी पाणी फार कढत झालं. सत्यभामाबाईनं विसण घालता घालता एवढंच म्हटलं की नागपूरहून आणलेली पुस्तकं होती ती. त्यांनी अंगावर तांब्या ओतला आणि कातडी भाजली तरी ओतत राहिले.

न्हाव्याकडून आले त्या दिवशी ते कचेरीत गेलेच नाहीत. दुपारी जिनाची जेवणाची सुट्टी झाली तसे छत्री घेऊन मजूर वस्तीकडं निघाले. ऊन तापलं होतं, रस्त्याच्या कडेला काटेरी झुडपांवर कापूस अडकून पांढरं पांढरं झालं होतं. गोजरबाई जिनाच्या भिंतीच्या सावलीत भाकरीवर ठेचा घेऊन बसली होती. त्यांना बघून तिनं भाकर झाकली, डोक्यावर पदर घेतला. पाचसात बाया सरकून बसल्या. पलीकडं इंजिनघराच्या दारात बशीर फिटर चिंधीनं हातांचं तेल पुसत उभा होता. बशीर हसतमुख माणूस, यंत्राशिवाय त्याला दुसरं काही कळत नव्हतं. संपाच्या वेळी इंजिन थांबवलं तेही रंगरावांनी सांगितलं म्हणून. रंगराव इकडंतिकडं बघत हलक्या आवाजात बोलले. नळाचं, दिव्याचं काहीबाही बोलून झालं आणि मग म्हणाले, आता मले त्या नावानं हाका मारू नका. गोजरबाईला कळेना. कोन्या नावानं, तिनं विचारलं. कामरेड म्हनू नका, रंगराव म्हणाले, मी आता कामरेड नाही.

बायांमध्ये कुजबुज झाली. गोजरबाई बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता, काळजी होती; घरातल्या थोरल्या माणसानं कारभार सोडतो म्हटलं की असते तशी. तब्येत बरी नाही का, तिनं विचारलं. कामरेडीनबाई काही बोलली का? सडकेवरून एक सायकल गेली, रंगरावांनी मान वळवून बघितली, कुणी तरी विड्यांचा व्यापारी होता.

“सोडली म्हन्ता, तं मंग कामरेडकी कोनाले देली?” गोजरबाईनं विचारलं.

कामरेडकी. पाटीलकी, कोतवालकी, तशी कामरेडकी. दुसऱ्या कोणत्याही दिवशी ते पोट धरून हसले असते. आज त्यांना फक्त तिथून निघायचं होतं, त्या बायांच्या नजरांमधून, त्या उजेडातून.

“द्या ना कोनालेही,” ते वैतागून म्हणाले. “त्या बशीरले द्या.”

आणि छत्री उघडून चालू लागले. ते वाक्य कुठून आलं हे पुढं त्यांनी स्वतःला इतक्यांदा विचारलं की वाक्याचा अर्थच झिजून गेला. बशीर समोर उभा होता म्हणून त्याचं नाव आलं. दारात बकरी उभी असती तर बकरीचं आलं असतं. असं ते स्वतःला सांगत. पण मग एखाद्या वेळी, सह्या करता करता, किंवा पाटावर बसताना, आतून वेगळंच काही वर यायचं. झुडपावर अंगातला सदरा टाकून पळावं, म्हणजे मागून येणारा त्या सदऱ्यावर थांबेल, असं काही आपल्या मनात होतं का? त्या क्षणी तरी नव्हतं. नक्की नव्हतं. नक्की हा शब्द त्यांनी मनात उच्चारला की जिभेखाली तुरटीची चव यायची.

दुसऱ्या दिवशी कचेरीत बसले असता वस्तीच्या बाजूनं डफड्याचा आवाज आला. हेडक्लार्क अर्जुनराव बाहेर जाऊन बघून आले ते हसतच. जिनातल्या लोकांनी बशीरला कामरेड केलं म्हणे. नारळ फोडला, लाल पागोटं बांधलं, गोजरबाईनं गुलाल लावला आणि बशीर लाजून लाजून अर्धा झाला. त्याची बायको सुगराबी म्हणाली, मग आता मला काय म्हणाल, तर बायांनी एका आवाजात सांगितलं, कामरेडीनबी. अर्जुनरावांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं. रंगराव उठले. खुंटीवरची टोपी घेतली. आत्ता जायचं, पागोटं उतरवायचं, सगळ्यांना समोर बसवून हा शब्द काय आहे ते पहिल्यापासून सांगायचं. एवढंच करायचं होतं. पण बसवून सांगायचं म्हणजे भर दिवसा जिनाच्या आवारात, शंभर माणसांत उभं राहून तो शब्द आपल्या तोंडानं उच्चारायचा. आणि नवा इन्स्पेक्टर गावातून घोड्यावर फिरत होता. रंगरावांनी टोपी पुन्हा खुंटीला अडकवली. अर्जुनरावांनी कंदिलांच्या तेलाचा कागद पुढं केला, त्यावर सही केली. डफडं वाजत राहिलं, मग थांबलं. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगायचं तर त्यांना हलकं वाटलं. छातीवरचा धोंडा कुणी तरी उचलून नेल्यासारखं वाटलं. घरी जाऊन ते पोटभर जेवले, आणि सत्यभामाबाईनं दुसऱ्यांदा भात वाढला तेव्हा नाही म्हणाले नाहीत.

त्यानंतरचे दिवस विचित्र सुखाचे गेले. रस्त्यानं जाताना लोक नुसतं राम राम म्हणत आणि हाक तिथंच थांबे. ज्या जागी शब्द असायचा तिथं एक खळगा राही. त्या खळग्यात पाय पडल्यासारखं त्यांना होई, पण पुढं चालता येत होतं. एकदा नळावर बशीर भेटला. मालक, तो म्हणाला, तुमी देलं म्हनून घेतलं, मले तं भाशन बी येत नाही. रंगराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, भाषणाचं काय, इंजिन चालवतोस तसं चालव. त्या हाताखाली बशीरचा खांदा उबदार होता, तेलाचा वास येत होता. त्या वेळीही सांगता आलं असतं. दोघंच होते. बशीर, हे पागोटं पेटीत ठेव आणि चार दिवस सासुरवाडीला संग्रामपूरकडं जाऊन ये, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. त्यांनी हात काढून घेतला आणि रुमालाला पुसला.

एके सकाळी बशीरला नेलं. इंजिन सुरू व्हायच्या आधी, तो कोळसा बघत असताना. कळलं ते भोंगा वाजला नाही म्हणून. सगळं गाव भोंग्यावर उठायचं, त्या दिवशी उन्हं वर आली तरी बाया घरातच. रंगराव कचेरीत पोहोचले तर इन्स्पेक्टर त्यांच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर आधीच बसलेला. मागं पंजाबराव पोलीस शिपाई उभा. पंजाबराव इथलाच, त्याच्या बहिणीच्या बाळंतपणात म्युनिसिपालिटीची सुईण रंगरावांनीच पाठवली होती. रंगराव उभेच राहिले. आपल्याच कचेरीत आपण उभे आहोत हे त्यांच्या मग लक्षात आलं. इन्स्पेक्टरनं त्यांना बसायला सांगितलं. तो खुशीत होता. वरून विचारणा होती की ह्या गावात कुणी कॉम्रेड आहे, नाव माहीत नाही, शोधा. तो म्हणाला, मला वाटलं होतं महिने जातील, लोक तोंड उघडणार नाहीत. इथं तर मी वस्तीत उभा राहून विचारलं की कामरेड कोण, आणि लोक बोट धरून इंजिनघरापर्यंत घेऊन गेले. त्या माणसानंही छाती काढून हो म्हटलं. असं गाव मी पाहिलं नाही. आता तुम्ही गावचे अध्यक्ष, तुमचं काय म्हणणं ते एकदा ऐकलं की झालं. “आदमी वही है न?”

रंगरावांच्या कानांत भोंग्यासारखा आवाज सुरू झाला. उत्तर तयार होतं, एका दमात सांगता येण्यासारखं. साहेब, हा घोटाळा आहे. ह्या लोकांना तो शब्द पदवी वाटतो. पण पदवी तर आधी कुणाची होती, हा पुढचा प्रश्न साहेबाच्या ओठावरच बसलेला होता. न्हाव्याच्या ओसरीवर तो हसला होता, विसरला नसेल. की विसरला असेल? रंगरावांनी त्याच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. डोळे साधे होते, झोप न झालेले. सगळं माहीत असून हा आपल्या तोंडून ऐकू पाहतोय की ह्याला खरंच काही ठाऊक नाही, हे त्या डोळ्यांवरून कळेना. त्यांना अकोल्याच्या मित्राचे खरकटे हात दिसले, ताटातलं वरण भाताभोवती थिजत चाललेलं दिसलं. बशीरचा चेहरा मात्र आठवेना, कितीही ताण दिला तरी फक्त चिंधीनं पुसलेले हात आठवत होते.

“लोग बोलते हैं तो होगा,” ते म्हणाले.

इन्स्पेक्टरनं मान डोलावली आणि उठला. तो गेल्यावर पंजाबराव दारात मागं रेंगाळला. त्याला तिथंच थांबायचा हुकूम होता, गावात गडबड झाली तर अध्यक्षांच्या मदतीला. तो जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, साहेब, बशीरनं ठाण्यात सांगितलं होतं की कामरेडकी आमच्या अध्यक्षानं देली मले. साहेबाले वऱ्हाडी समजत नाही, मी हिंदीत उलथा करून सांगताना तेवढं गाळलं. मग तो थोडा घुटमळला. “बराबर केलं ना मी?” त्यानं विचारलं. रंगरावांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते पंजाबरावलाही कळलं नसावं. म्हणजे गावच्या पोलिसानंही आपल्याला पाठीशी घातलं. सगळं गाव कडं करून आपल्याला मध्ये घेऊन उभं आहे, आणि त्या कड्यातून एक माणूस बाहेर ढकलला गेला. आता तरी भीती जायला हवी होती. पण ती वाढली, आणि त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

दुपारच्या सुमाराला बाया आल्या. जिन बंदच होतं. आरडाओरड नाही, घोषणा नाही, चपला बाहेर काढून त्या आत आल्या आणि टेबलासमोर उभ्या राहिल्या. पुढं गोजरबाई. सुगराबी सगळ्यांच्या मागं, भिंतीला पाठ लावून, तोंडावर ओढणी घट्ट धरून. तिच्याकडं बघायचं रंगरावांनी टाळलं. गोजरबाईच्या हातात ते लाल पागोटं होतं, नीट घडी घातलेलं. बशीरच्या घरी पोलिसांनी उलथापालथ केली तेव्हा ते सुगराबीनं पिठाच्या मडक्यात लपवलं होतं, म्हणून घडीत पीठ दिसत होतं. गोजरबाईनं ते टेबलावर ठेवलं. पाटील परगावी गेला म्हणजे पाटीलकी जुन्या पाटलाकडं येते, कारभार थांबत नाही, असं तिनं समजावून सांगितलं. त्यांना कुणाला दोष द्यायचा नव्हता. बशीर बिचारा नवा होता, त्याला पोलिसांशी बोलता आलं नाही, जुन्या माणसानं ठाण्यात जाऊन नीट बोलून त्याला सोडवून आणावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

“बशीर येईलोक तुमीच चालवा,” ती म्हणाली. “रिकामी ठेवता येत नाही.”

पंजाबराव दाराशी उभा होता. लाल कापड टेबलाच्या मधोमध पडलं होतं. रंगरावांना वाटलं, उचलावं. उचलायला काहीच लागत नाही, हात पुढं केला की झालं. ते पागोटं त्यांना इतकं जवळ दिसत होतं की विणीतले दोरे मोजता आले असते. त्यांनी हात मांडीखाली घेतला.

“असं काही नसते गोजरबाई,” ते म्हणाले. “कामरेडकी म्हनून काही नसते.”

मागं सुगराबीच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि थांबला. गोजरबाईनं पागोटं उचललं, पीठ झटकलं, आणि आपल्या पदरावरून डोक्याला गुंडाळलं. ओबडधोबड, पाणवठ्यावर चुंबळ करतात तसं. मग ती पंजाबरावकडं वळली.

“मंग मीच घेतो,” ती म्हणाली. “तुह्या साहेबाले सांग बाबू, बशीरले सोडा म्हना. कामरेड गोजरबाई हाय.”

पंजाबराव गोंधळला. त्यानं गोजरबाईकडं बघितलं, मग रंगरावांकडं. साहेब, सांगू काय, त्यानं विचारलं. खोलीत सगळे रंगरावांकडं बघायला लागले. ह्या म्हातारीला तरी वाचवलं पाहिजे, त्यांच्या मनात आलं. आणि त्याच वेळी मनात आलं की ही ठाण्यात गेली, तिनं तिच्या पद्धतीनं पहिल्यापासून सगळं सांगितलं, आणि ह्या खेपेला पंजाबरावनं काही गाळलं नाही, तर? ह्या दोन विचारांतला आधी कोणता आला हे त्यांना सांगता आलं नसतं.

“जाऊ दे पंजाबराव,” ते म्हणाले, आणि आवाज शक्य तेवढा मायेचा केला. “म्हातारी हाय. भ्रमिष्टासारखं बोलून राह्यली. काही मनावर घेऊ नको.”

गोजरबाईनं त्यांच्याकडं बघितलं. तीच नजर, भिंतीच्या सावलीत भाकर झाकून बघितलं होतं ती, फक्त तिच्यातली काळजी आता गेली होती.

“हाव, म्हातारी झालो मी,” ती म्हणाली. “पर माहं नाव मले सांगता येते, अध्यक्षसाहेब.”

मग ती पायरी उतरली. बाहेर चपला घालताना तिचा तोल गेला तर सुगराबीनं पुढं होऊन तिला धरलं. बाकीच्या बाया दोघीतिघी करून निघाल्या आणि वस्तीकडं न वळता ठाण्याच्या सडकेला लागल्या. पंजाबराव एकदा रंगरावांकडं आणि एकदा सडकेकडं बघत राहिला, मग बंदूक सावरत बायांच्या मागं चालू लागला. रंगराव खुर्चीतच होते. मांडीखालचा हात सुन्न झाला होता आणि तो काढायचं त्यांना सुचत नव्हतं.